उपरण्यातला कण

एकदा एका नदीच्या काठी एक औषधशाळा होती. तिथले वृद्ध आचार्य डोंगरातल्या एका झाडाच्या सालीपासून तापावरचे औषध करीत. साल कुटायची, उकळायची, काढा गाळून आटवायचा आणि निवत ठेवायचा. काढा निवला की पातेल्याच्या तळाशी पांढऱ्या सुया जमत, कापसासारख्या हलक्या. जिभेवर ठेवली की सुई क्षणात विरे आणि तिचा कडूपणा थेट कानांपर्यंत जाई. लोक तोंड वाकडे करीत, आचार्यांना दोन शब्द ऐकवीत आणि बरे होऊन घरी जात.

या औषधशाळेत एक तरुण शिष्य आला. दूरदेशी शिकून तो परतला होता आणि शुद्धतेचा त्याला ध्यास होता. त्या सुया पाहून त्याचे मन खट्टू झाले. सुयांच्या गुंत्यात काढ्याचा मळ अडकून राहतो, हे त्याला दिसत होते. आपल्या माणसांना मळकट औषध का म्हणून मिळावे, असे त्याला वाटे, आणि त्याचे वाटणे चुकीचे नव्हते.

आचार्य साल आणायला डोंगरात गेले, तेव्हा शिष्याने एक पातेले भाताच्या तुसात पुरून ठेवले आणि त्यातला काढा फार सावकाश निवू दिला. कितीतरी दिवसांनी झाकण काढले, तर तळाशी सुया नव्हत्या. होते टपोरे, काचेसारखे पारदर्शक, धारदार कडांचे स्फटिक. त्याने एक खडा उचलून उन्हात धरला. समोरच्या भिंतीवर सप्तरंग उमटले.

त्या दिवशी त्याला जेवण सुचले नाही. तो खडा त्याने उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि भेटेल त्याला गाठ सोडून दाखवू लागला. साल कुटणाऱ्या बायकांनी तो हातात घेऊन पाहिला, स्वयंपाक्याने पाहिला, रोग्यांनी पाहिला. "अगंबाई, हिराच की!" असे कुणी म्हटले की शिष्याचा चेहरा उजळे. मग पुन्हा गाठ आणि पुन्हा पुढचा माणूस.

आणि नवल असे, की त्या दिवसापासून औषधशाळेतल्या प्रत्येक पातेल्यात आपोआप तसेच खडे पडू लागले. तुसात पुरायचीही गरज उरली नाही. शिष्याला हा शुभशकुन वाटला. त्याने खडे कुटून त्यांच्या पुड्या केल्या आणि रोग्यांना दिल्या. आता कुणी तोंड वाकडे करीत नव्हते.

ताप मात्र कुणाचाच उतरेना.

त्या रोग्यांत वेणू होती. गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याची ही लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आल्या आल्या तिला दिवसाआडचा थंडीताप जडला होता. व्यापारी रोज औषधशाळेच्या फाटकापर्यंत येई. आत मात्र पाऊल टाकत नसे. काढ्याच्या वासाने त्याचे डोके उठे. चिंचेखाली उभा राहून, पागोट्याचा शेव, ते लोंबणारे टोक, नाकाला लावून तो तिथूनच ओरडे, "काय म्हणतेय माझी वेणू?"

आचार्य परतले ते पायीच. सालीची गाडी मागून येऊन पलीकडच्या काठावरच थांबली होती, कारण चाकाचा आस मोडला होता. शिष्य धावत सामोरा गेला, पाया पडला, उपरण्याची गाठ सोडली आणि तो खडा त्याने आचार्यांच्या तळहातावर ठेवला. "ही माझी गुरुदक्षिणा," तो म्हणाला.

आचार्यांनी खडा उन्हात धरला. बराच वेळ कौतुकाने पाहिला. मग तोंडात टाकला.

"कडू लागत नाही," ते म्हणाले.

"हो ना!" शिष्य आनंदाने म्हणाला. "आता कुणी तक्रारच करत नाही."

"आणि ताप?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली. आचार्यांनी खडा तोंडातून काढून हातावर घेतला. त्याची एकही कड बोथट झाली नव्हती.

"तोंडात विरत नाही, तो पोटात काय विरणार? शिरला तसाच बाहेर पडत असेल, बिचारा."

"पण आचार्य, पदार्थ तोच आहे. मी सगळ्या तऱ्हांनी तपासलंय."

"तोच आहे. त्याच विटा रचून भिंत होते आणि त्याच विटांच्या पायऱ्याही होतात. विटा तपासून ते कळत नाही रे. तू भिंत बांधलीस. सुंदर बांधलीस. पण रोग्याला चढायचं आहे."

आचार्यांनी त्याच दिवशी जुन्या पद्धतीने, जुन्या पातेल्यात, स्वतःच्या हाताने काढा केला. सकाळी पाहिले तर तळाशी खडे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातून सुया झाल्या नव्हत्या. शिष्याने पाणी बदलले, सरपण बदलले, पातेले घासून घासून त्याची कल्हई उडवली. पुन्हा खडेच.

तेवढ्यात आतून वेणूची दाई आली. "आजची तापाची पाळी पोरीनं कशीबशी काढली," ती हलक्या आवाजात म्हणाली. "परवा पुन्हा ताप चढेल. तेव्हा मात्र तिचं आणि बाळाचं काही खरं नाही. काय ते लवकर बघा."

शिष्य आचार्यांकडे वळला. "आचार्य, नेमकं काय बिघडलंय? साल तीच, अग्नी तोच, तुमचे हातही तेच!"

आचार्य उठून चुलीकडे गेले. त्यांनी थोडा काढा झाकण लावूनच खळखळून उकळला, तसाच झाकलेला खाली उतरवला आणि कुणालाही जवळ येऊ न देता पार निवू दिला. मग शिष्याला बोलावून झाकण अलगद दूर केले. काढा नितळ होता. एकही कण नव्हता.

"हा निवला, तरी काहीच जमलं नाही?" शिष्याने आश्चर्याने विचारले. "यात तर मावेल त्याहून अधिक औषध विरघळलेलं आहे. ते बाहेर पडायलाच हवं."

"हवं तर खरं. पण कोणत्या रूपात पडावं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. आता एक कर. तुझं उपरणं या पातेल्यावर झटक."

"उपरणं?"

"झटक."

शिष्याने गोंधळून उपरणे झटकले. त्यातून काहीही पडलेले दिसले नाही, धूळसुद्धा नाही. दोघे पातेल्यावर वाकून पाहत राहिले. काही क्षण गेले. मग नितळ काढ्यात एक ठिणगी चमकल्यासारखी झाली. तिच्या शेजारी दुसरी. त्या वाढू लागल्या, त्यांना कडा फुटल्या, आणि पाहता पाहता तळाशी धारदार खडे एकेक करून बसू लागले.

शिष्याने उपरण्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"मीच," तो म्हणाला.

"तूच. आणि तुझ्याकडून मी, स्वयंपाकी, त्या बायका, सगळेच. डोळ्यांना दिसणार नाही एवढा कण पुरतो." आचार्य खाली बसले. "काठोकाठ भरलेला काढा हा असा असतो बघ. काहीतरी व्हायला तो आतुर असतो, पण काय व्हायचं हे त्याला ठाऊक नसतं. जो कण आधी येतो, त्याच्यासारखा तो होतो. तू वाईट काही केलं नाहीस. तुझ्या हाती सुंदर गोष्ट आली आणि तू ती सगळ्यांना दाखवत फिरलास. फिरताना आपल्या अंगावरून काय सांडतंय, तेवढं पाहिलं नाहीस."

"मग उपाय?"

"जिथे आपल्यापैकी कुणी गेलेलं नाही, अशा जागी औषध करायचं. पलीकडच्या काठावर मळ्यातली एक खोपी रिकामी आहे. वारा तिकडून इकडे वाहतोय. साल तिथेच उतरलेली आहे. मात्र तू तिथे यायचं नाहीस."

शिष्याचे रक्त उसळले. "म्हणजे मला विटाळ झाला? आचार्य, हे सोवळंओवळं मोडायचं म्हणून तर मी इथे परत आलो! तुमच्या तोंडून हे ऐकायचं होतं का मला?"

"नीट ऐक. सोवळं पाळणारा स्वतः आत बसतो आणि दुसऱ्याला बाहेर काढतो. मी मलाच आधी बाहेर काढतोय. तुझी दक्षिणा मी तोंडात टाकली होती, विसरलास? मीही तिकडे जाणार नाही."

शिष्याचा राग ओसरला. त्याने विचारले, "मग औषध करणार कोण? तो खडा न पाहिलेला, न हाताळलेला माणूस इथे आहे कुठे?"

तेवढ्यात चिंचेखालून आवाज आला, "काय म्हणतेय माझी वेणू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"शेटजींनी खडा हातात घेतला होता का?" आचार्यांनी विचारले.

"नाही. मी दोनदा दाखवायला गेलो. ते जवळच येऊ देईनात. लांबूनच म्हणाले, 'छान आहे, छान आहे, पण ताप उतरला का ते सांग.'"

"शहाणा माणूस," आचार्य म्हणाले आणि फाटकापासून दूर उभे राहूनच त्यांनी व्यापाऱ्याला सगळे समजावून सांगितले.

"मी?" व्यापारी ओरडला. "वैद्यबुवा, अहो मला घासाघीस करायला सांगा, भाव पाडायला सांगा! मी जन्मात चुलीपाशी बसलो नाही. त्यात तो वास!"

"म्हणूनच तुम्ही. शेटजी, गेल्या वर्षी तुम्हाला ताप आला होता, तेव्हा मी पुड्या दिल्या होत्या. सगळ्या खाल्ल्यात?"

व्यापारी ओशाळला. "एक राहिली असेल. फडताळात. ताप आधीच उतरला होता, मग म्हटलं, इतकं कडू कशाला उगाच... आता रागवू नका."

आचार्यांचे डोळे चमकले. "ती सुयांची पुडी आहे. जुन्या दिवसांतली."

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. "मग आत्ता आणतो! आत्ताच्या आत्ता देऊ वेणूला!"

"देता येईल," आचार्य सावकाश म्हणाले. "परवाची पाळी कदाचित टळेल. त्याच्या पुढची टळणार नाही. किंवा ती पुडी कोऱ्या काढ्यात पेरता येईल. खाल्ली तर एका पुडीपुरती, पेरली तर पातेलंभर. पण पेरणं फसलं, तर तीही गेली. पुडी तुमची आहे, शेटजी, आणि लेकही तुमची. मी सांगणार नाही."

व्यापारी चिंचेच्या बुंध्याला टेकला. नाकावरचा शेव कधी सुटला, हे त्याला कळलेही नाही.

"दुष्काळात मी घरं पाहिली आहेत, वैद्यबुवा," शेवटी तो बोलला. "पोरं भुकेनं रडताहेत आणि बाप बियाण्याच्या मडक्याकडे पाठ करून बसलाय. मला वाटायचं, वेडीच आहेत ही माणसं, दाणे आहेत तर शिजवावेत की." त्याने डोळे पुसले. "पेरूया. उगवेल ना?"

"पेरणाऱ्यानं घाई केली नाही, तर उगवेल."

उन्हाळ्यात ती नदी आक्रसून हाकेच्या अंतराएवढी उरे. दुसऱ्या दिवशी उजाडताच आचार्य आणि शिष्य या काठावर उभे राहिले. पलीकडे, खोपीच्या दाराशी चूल मांडून, तांबटाकडून आणलेले कोरे पातेले घेऊन व्यापारी बसला होता. डोळ्यांतून पाणी, नाकाला शेव, आणि तोंडाने अखंड कुरकुर.

"उकळतंय! आता?"

"उकळू द्या!"

"अजून उकळतंय!"

"तेच तर करायचंय त्याला!"

काढा गाळून झाला, आटून झाला. पानावर टाकलेला थेंब न पसरता थांबू लागला, तेव्हा आचार्यांनी पातेले उतरवून झाकायला सांगितले. आता खरी परीक्षा होती. व्यापारी पातेल्याभोवती येरझाऱ्या घालू लागला.

"ओलं फडकं गुंडाळू का याला? झटकन निवेल!"

"शेटजी, हात लावू नका!" शिष्य ओरडला.

"अरे तू एवढा शिकून आलास, एखादी झटपट युक्ती सांग की!"

"मला सावकाशीची येते, शेटजी. तिनंच हे सगळं झालंय."

व्यापारी एवढ्या काळजीतही हसला. आचार्यांनी विचारले, "शेटजी, तुमच्या घरी रवाळ तूप कोण करायचं?"

"आई. कढवलं की कोपऱ्यात ठेवायची. कुणी भांडं हलवलं तर पाठीत धपाटा."

"मग समजा, ती तिथेच बसली आहे."

व्यापारी मुकाट्याने खाली बसला. उन्हे कलली.

"हाताची पाठ पातेल्याला लावा. सोसवतं?"

"नाही!"

"मग थांबा. आता पेराल तर विरून जाईल."

बऱ्याच वेळाने पुन्हा प्रश्न आणि पुन्हा नकार. शेवटी व्यापाऱ्याचा आवाज आला, "सोसवतं! ऊन आहे, पण सोसवतं!"

"झाकण काढा. आत नितळ आहे?"

"आरशासारखं!"

"चिमूटभर घ्या. मीठ भुरभुरावं तशी पेरा. मग हलू नका."

पलीकडची आकृती पातेल्यावर वाकली आणि निश्चल झाली. नदीचे पाणी तेवढे ऐकू येत होते. शिष्याने नकळत उपरण्याचे टोक घट्ट धरले होते.

"काही होत नाही, वैद्यबुवा."

आचार्य पाण्याच्या कडेपर्यंत पुढे सरकले.

"काहीच हो... थांबा." आवाज एकदम बारीक झाला. "धुकं पडलंय. तळाशी. दह्याला विरजण लागतं, तसं काहीतरी पसरतंय... सुया! वैद्यबुवा, सुया! कापसासारख्या!"

"आता गाळा!" आचार्य गर्जले. "क्षणभर थांबू नका! काढ्यात रेंगाळल्या, तर त्यांनाही खडे व्हायची बुद्धी होईल!"

"म्हणजे आता घाई करू?"

"तुमची नेहमीची करा!"

व्यापाऱ्याने अशी घाई केली की गाळण्याच्या धांदलीत त्याचे पागोटे नदीत गेले. त्याने वळूनही पाहिले नाही.

कोरड्या झालेल्या सुया पुडीत घालून तो फाटकाशी आला. क्षणभर थांबला. मग आयुष्यात प्रथमच, नाक न झाकता, औषधशाळेत शिरला. बाहेर उभ्या असलेल्या दोघांना थोड्या वेळाने वेणूचा क्षीण पण संतापलेला आवाज ऐकू आला, "ई! बाबा, केवढं कडू आहे हे!"

आणि मागोमाग व्यापाऱ्याचा, हसण्यारडण्यात भिजलेला, "कडू आहे म्हणते! वैद्यबुवा, कडू आहे म्हणते!"

दुसऱ्या दिवशी थंडी वाजायची वेळ आली आणि गेली. वेणू निजून राहिली होती आणि दाई दारात बसून तिच्या बाळासाठी टोपरे शिवत होती.

शिष्य तेव्हा तिथे नव्हता. तो खाली पाणवठ्यावर उपरणे धूत होता. आचार्य शेजारी येऊन बसले. त्यांच्या हातात एक काचेची कुपी होती, मेणाने बंद केलेली. आत तो टपोरा खडा होता.

"तुम्ही तो फेकला नाहीत?" शिष्याने विचारले.

"का फेकू? इतका शुद्ध स्फटिक मला कधी साधला नव्हता. त्यालाही एखाद्या दिवशी त्याचं काम सापडेल. तोवर बूच घट्ट लावून ठेवायचं."

पलीकडच्या काठावर हळूहळू नवी औषधशाळा उभी राहिली. व्यापारी नदीत न्हाऊन, धुतलेले कपडे घालून, वासाची तक्रार करीत तिथे रोज येऊ लागला, आणि शिष्य अलीकडच्या काठावरून त्याला ओरडून शिकवू लागला. डोंगरातून दुसरी सालही आली, दुसरी औषधेही आली. प्रत्येकाला किती रूपे आहेत, कोणते रूप कधी येते, कशाने टिकते, कशाने मोडते, हे शोधण्याचा शिष्याला आता नाद लागला होता. शेवटी एका सकाळी व्यापाऱ्याने पलीकडून हाक मारली, "ये रे बाबा आता इकडे! तुझ्या ओरडण्यानं माझं डोकं उठतं!"

शिष्य नदीत उतरला, बुडी मारून पलीकडे निघाला. व्यापाऱ्याने त्याच्यासाठी कोरे धोतर आणि कोरे उपरणे काठावर ठेवले होते. ते नेसून तो दाराशी आला, आणि उंबरठ्यापाशी थांबला. खांद्यावरचे उपरणे त्याने काढले, वाऱ्याच्या दिशेला पाठ केली आणि ते एकदा झटकले.

"अरे, कोरंच आहे ते!" व्यापारी म्हणाला.

"माहीत आहे, शेटजी," शिष्य म्हणाला आणि आत गेला.

आपणही घरात शिरताना चपला बाहेर काढतोच. आत कुणीतरी काठोकाठ भरून, पहिल्या कणाची वाट पाहत बसलेले असते. उंबरठ्यावर क्षणभर थांबून खांद्यावरचेही एकदा झटकावे.